आपल्याच लोकांना ‘नाही’ म्हणू शकणारा नेता

पारंबी

थोर राजकीय नेता कुणाला म्हणायचं यावर बोलणं निघालं की दूरदृष्टी, वक्तृत्व, धाडस, साधी राहणी अशी यादी लगेच तयार होते. या यादीशी माझं भांडण नाही. अडचण एवढीच की तिच्या आधारे हव्या त्या माणसाला थोर ठरवता येतं. कितीतरी हुकूमशहा फर्डे वक्ते होते, दिवसरात्र राबायचे, पैशाला शिवत नव्हते, आणि तरी त्यांनी देशाचं वाटोळं केलं.

म्हणून मी एकच गोष्ट बघते. ज्या लोकांच्या जिवावर हा नेता वर आला, त्या आपल्या माणसांना त्यानं कधी ‘नाही’ म्हटलं का? आणि म्हटलं असेल तर कोणत्या वेळी? विरोधकाला नाही म्हणायला काही लागत नाही, उलट टाळ्या पडतात. आपल्या माणसांच्या डोळ्यांत अंगार असताना त्यांच्यासमोर उभं राहून नाही म्हणणं फार कमी जणांना जमलं आहे.

१० एप्रिल १९९३ चा दिवस घ्या. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस हानी या अत्यंत लोकप्रिय कृष्णवर्णीय नेत्याला त्याच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. मारणारा गोरा, पोलंडहून येऊन स्थायिक झालेला. वर्णभेदी राजवट संपवण्याच्या वाटाघाटी तेव्हा अर्ध्यावर होत्या. तरुण पेटले होते आणि सूड मागत होते. मंडेलांकडे कोणतंही सरकारी पद नव्हतं, राष्ट्राध्यक्ष होते डी क्लर्क. तरी त्या रात्री दूरदर्शनवर देशाशी बोलायला मंडेला आले. द्वेषानं भरलेल्या एका गोऱ्या माणसानं हा खून केला, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि लगेच सांगितलं की खुन्याला पकडता यावं म्हणून जीव धोक्यात घालणारीही एक गोरी, आफ्रिकानर बाईच होती. हानींच्या शेजारी राहणाऱ्या त्या बाईंनी गाडीचा नंबर टिपून पोलिसांना कळवला होता. शोकात बुडालेल्या आपल्या लोकांना त्या रात्री हे ऐकवायला काय लागलं असेल! त्यानंतर दंगे झाले, माणसंही गेली. पण वाटाघाटी मोडल्या नाहीत, आणि २७ एप्रिल १९९४ ला सर्वांच्या मतदानानं निवडणूक झाली.

दुसरं उदाहरण आपल्याकडे फारसं कुणी काढत नाही. बोट्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा. बामांग्वाटो जमातीच्या गादीचे वारस. इंग्रज मुलीशी लग्न केलं म्हणून ब्रिटिशांनी त्यांना हद्दपार केलं, १९५६ मध्ये गादीवरचा हक्क सोडून ते परतले. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी होता. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले, तेही त्यांच्याच जमातीच्या प्रदेशात. त्याच वर्षी त्यांच्या सरकारनं कायदा करून जमातींच्या भूमीतला खनिजांवरचा हक्क देशाच्या नावे केला. आपल्या रक्ताच्या माणसांना त्यांनी सांगितलं की हे हिरे तुमचे एकट्याचे नाहीत. खनिजांवरून झालेल्या यादवीत आफ्रिकेतले किती देश होरपळले ते आठवा, म्हणजे या निर्णयाचं वजन कळेल.

मला इथे मतं हवी आहेत, विशेषतः न पटणारी.

सरळरेषा

न पटणारं मत देतो. लोकशाहीत लोक नेत्याला निवडून देतात ते त्यांचं काम करायला. लोकांना नाही म्हणणं हाच मोठेपणा ठरवला, तर प्रत्येक हेकट माणूस रांगेत येऊन उभा राहील. मी एकटा बरोबर आहे, लोकांना नंतर कळेल, हे वाक्य इतिहासात भल्यांपेक्षा बुऱ्यांनीच जास्त वापरलंय.

माओंचं बघा. १९५८ मध्ये ‘मोठी झेप’, म्हणजे उत्पादन झपाट्यानं वाढवण्याची त्यांची मोहीम, सुरू झाली. पुढच्या वर्षी लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना पत्र लिहून कळवलं की गावागावातून येणारे उत्पादनाचे आकडे फुगवलेले आहेत. पेंग जुने सहकारी, कोरियाच्या युद्धात चिनी फौजांचं नेतृत्व केलेले. माओंनी आपल्या या माणसाला ‘नाही’ म्हटलं, पदावरून काढलं आणि मोहीम आणखी रेटली. दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. तुमच्या कसोटीवर हे बसतं की नाही?

पिंपळपान

+१ धाग्याला. चौरीचौरा आठवलं. फेब्रुवारी १९२२, असहकार चळवळ ऐन भरात, आणि जमावानं ठाण्याला आग लावून आतले पोलीस जाळले म्हणून गांधीजींनी चळवळच थांबवली. तुरुंगात बसलेले मोतीलाल, जवाहरलाल, लजपतराय सगळे हादरले आणि चिडलेही. मला आजही तो निर्णय शंभर टक्के पटत नाही, पण छाती लागते एवढं नक्की.

काळीमाती

मला हा सगळा विचार फार नाट्यमय प्रसंगांभोवती फिरतोय असं वाटतं. खून, भाषण, रात्र, जमाव. बहुतेक राज्यकारभार असा नसतोच. थोर काम पुष्कळदा इतकं कोरडं असतं की त्याला नेत्याचा चेहराच चिकटत नाही.

वि. स. पागे किती जणांना माहीत आहेत? महाराष्ट्राच्या विधान परिषदेचे सभापती. रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये विधिमंडळानं एकमतानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याआधीही दुष्काळी कामं निघायची. पण सरकारच्या मनात आलं तर निघायची, नाही आलं तर नाही. या कायद्यानं बाजू पालटली. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसानं काम मागायचं, आणि ते पंधरा दिवसांत द्यायची जबाबदारी सरकारची. देता आलं नाही तर बेकारी भत्ता. खडी फोडणाऱ्या बाईला आता कुणाच्या दयेची गरज नव्हती, ती हक्कानं अर्ज करू शकत होती. २००५ मध्ये देशभर झालेल्या कायद्याचं मूळ इथे आहे.

माझ्या लेखी राजकारणातला मोठेपणा म्हणजे ही अशी कामं. नेता गेल्यावरही ज्याच्या आधारे गरीब माणूस कचेरीत जाऊन भांडू शकेल असं काहीतरी मागे राहणं. त्यात आपल्या लोकांना नाही म्हणण्याचा प्रश्नच कुठे येतो?

पारंबी

काळीमाती, उदाहरण अप्रतिम आहे. पण नाही म्हणण्याचा प्रश्न तिथेही येतो! या योजनेला पैसा कुठून आला ते बघा. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो या योजनेसाठी. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून तो कापला जातो, पगारपत्रकावर आजही दिसतो. शहरी मतदार नाराज होईल हे सत्ताधाऱ्यांना कळत नव्हतं का? खेड्यातल्या मजुराचं काम शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून उभं करायचं, हे कुणीतरी आपल्या मतदाराला सांगितलंच की.

सरळरेषा, तुमचा मुद्दा वजनदार आहे. माओंच्या उदाहरणावर मी बराच वेळ थांबले. फरक मला असा दिसतो: पेंगना माओंना हलवता येणार नव्हतं. चीनमधल्या शेतकऱ्यांना तर नाहीच नाही. ‘नाही’ म्हटल्यानं माओंचं काहीच पणाला लागलं नाही, पणाला लागले ते दुसऱ्यांचे जीव. मंडेलांना मात्र त्यांच्याच संघटनेतले तरुण झिडकारू शकत होते, खामांना त्यांची जमात मतपेटीतून धडा शिकवू शकत होती. तर कसोटी अशी ठेवू: जे तुम्हाला खाली खेचू शकतात त्यांना नाही म्हणणं, आणि त्यांचा तो अधिकार शाबूत ठेवून म्हणणं. हा शेवटचा भाग माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

उत्तररात्र

या चर्चेत फ्रान्सचे द गॉल यायलाच हवेत. आणि त्यांच्यामुळे ही कसोटी अवघड होते, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

मे १९५८. अल्जीरिया फ्रान्सच्या हातून जाऊ नये म्हणून तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणि सेनाधिकाऱ्यांनी उठाव केला आणि त्या लाटेवर द गॉल पुन्हा सत्तेत आले. ४ जूनला अल्जीयर्समध्ये सज्जात उभं राहून त्यांनी गर्दीला सांगितलं, ‘मी तुम्हाला समजून घेतलंय.’ गर्दी बेभान झाली. हा आपला माणूस, अल्जीरिया आता सुटत नाही, असा तिचा समज झाला. चार वर्षांनी, जुलै १९६२ मध्ये, त्याच द गॉल यांच्या कारकिर्दीत अल्जीरिया स्वतंत्र झाला.

मधल्या काळात काय झालं ते बघण्यासारखं आहे. एप्रिल १९६१ मध्ये चार जनरलांनी अल्जीयर्समध्ये बंड केलं. पॅरिसवर छत्रीधारी सैनिक उतरतील अशी भीती होती. २३ एप्रिलला द गॉल जनरलचा जुना गणवेश चढवून दूरदर्शनवर आले आणि या बंडखोरांचे हुकूम पाळायला प्रत्येक फ्रेंच माणसाला, विशेषतः प्रत्येक सैनिकाला, आपण मनाई करतो असं त्यांनी बजावलं. अल्जीरियात सक्तीच्या सेवेवर असलेल्या साध्या पोरांकडे छोटे ट्रान्झिस्टर होते. बराकीत त्यांनी ते भाषण ऐकलं, आणि अनेक तुकड्यांनी अधिकाऱ्यांचं ऐकणंच थांबवलं. बंड काही दिवसांत कोसळलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसबाहेर पेती-क्लामारला त्यांच्या गाडीवर मशीनगननं गोळीबार झाला, गाडीत पत्नीही होती, दोघंही वाचले. हल्लेखोर कोण? ज्यांनी कधी काळी त्यांच्या नावाचा जयघोष केला असता अशाच विचाराची माणसं.

पारंबी, तुमच्या कसोटीवर हा नेता पूर्ण उतरतो. आपल्या समर्थकांना नाही म्हटलं, जीव धोक्यात घातला, सार्वमत घेतलं. १९६९ मध्ये दुसऱ्याच एका विषयावरच्या सार्वमतात हरल्याबरोबर दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन घरी गेले.

पण हार्कींचं काय? फ्रान्सच्या बाजूनं लढलेले हे अल्जीरियन मुसलमान सैनिक. फ्रान्सनं त्यांची शस्त्रं काढून घेतली आणि त्यांना सोबत आणू नका असे आदेश अधिकाऱ्यांना दिले. काही अधिकाऱ्यांनी आदेश मोडून आपल्या माणसांना जहाजात चढवलं. मागे राहिलेल्यांपैकी हजारो सूडात मारले गेले. जे पोहोचले त्यांतल्या अनेकांना रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत तारेच्या कुंपणाआड ठेवलं. या ‘नाही’ची किंमत द गॉल यांनी भरली ती थोडी, आणि हार्कींनी भरली ती संपूर्ण. नेता किती शूर होता हे विचारताना बिल कुणाच्या नावावर फाटलं हेही विचारायला नको का?

मध्यमा

उत्तररात्र, प्रतिसाद वाचून सुन्न झाले.

मला बाबासाहेबांबद्दल बोलायचंय. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं. बाईला वारसा, घटस्फोट, दत्तक यांतले हक्क मिळावेत म्हणून देशाचा कायदामंत्री खुर्ची सोडतो, ही गोष्ट आपण शाळेत एका ओळीत उरकतो. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईतून हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. निवडून येण्याच्या हिशेबानं बघितलं तर अपयशी राजकारणी! आणि आज या देशात वडिलांच्या मिळकतीत वाटा मागणारी प्रत्येक हिंदू मुलगी त्या लढ्याच्या खांद्यावर उभी आहे.

पारंबींच्या कसोटीबद्दल त्यांचंच एक सांगणं आठवतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी इशारा दिला होता: धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात मात्र भक्ती किंवा विभूतिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपल्याला पुजणारे लाखो लोक असताना हे बोलणं म्हणजे आपल्याच माणसांना आगाऊ घातलेली अट होती. माझ्याविषयीही प्रश्न विचारा, असा त्याचा अर्थ मी घेते.

आणखी एक. बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये ते कायदे झाले ते नेहरूंच्या सरकारात. पहिल्या निवडणुकीत नेहरूंनी हा विषय प्रचारात उघडपणे मांडला, पक्षातल्या बड्या सनातनी मंडळींचा विरोध पत्करला. मग थोर कोण, वेळ न बघता राजीनामा देणारा की वेळ बघून कायदा पार पाडणारा? मला दोघंही लागतात. पहिला नसता तर विषय थंडावला असता, दुसरा नसता तर कायदा पुस्तकात आलाच नसता.

सरळरेषा

मध्यमा, सहमत.

पारंबी, तुमची सुधारलेली कसोटी मला आता बरीच पटते. पण सिंगापूरच्या ली क्वान यूंचं काय करायचं? १९५९ ते १९९० पंतप्रधान. बंदराच्या गलिच्छ वस्त्यांतल्या लोकांना पक्की घरं दिली, भ्रष्टाचार मोडला, निवडणुका घेतल्या आणि जिंकल्या. लाखो लोकांचं आयुष्य सुधारलं. मंडेलांच्या देशात आजही बेकारी किती आहे! पोट भरलेल्या माणसाला विचारलं तर तो कुणाला थोर म्हणेल?

पारंबी

लींच्या कामाला मी कमी लेखत नाही. घर मिळालेल्या कुटुंबाला तत्त्वज्ञान ऐकवायला मी जाणार नाही. पण च्या थाय पोह हे नाव घ्यायला हवं. विरोधी पक्षाचे लोकप्रतिनिधी. १९६६ मध्ये खटल्याविना अटकेत टाकले ते १९८९ पर्यंत कोठडीत होते. त्यानंतर एका बेटावर नजरकैदेत, आणि सगळे निर्बंध उठायला १९९८ उजाडलं. ज्या कारणासाठी कोठडीत ठेवलं, त्यात एकाही न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं नव्हतं. निवडणुका होत होत्या, पण समोरचा उमेदवार कोठडीत असू शकत होता. खाली खेचण्याचा लोकांचा अधिकार शाबूत ठेवणं, ही अट इथे मोडते. ली अत्यंत कर्तबगार राज्यकर्ते होते. थोर हा शब्द मी राखून ठेवते.

काळीमाती

प्रामाणिक माणसाच्या हातूनही असं घडतं. टांझानियाचे न्येरेरे घ्या. साधे, स्वच्छ, शिक्षणासाठी तळमळीनं झटलेले, १९८५ मध्ये स्वतःहून पायउतार झाले. पण १९७३ नंतर लाखो शेतकऱ्यांना जबरदस्तीनं नव्या गावांत हलवलं, काही ठिकाणी जुनी घरं जाळून. शेती बसली. शेतकऱ्याला नाही म्हणायचा मार्गच ठेवला नव्हता. म्हणून परत सांगतो, नेत्याचं मन कसं होतं यापेक्षा माणसाच्या हातात काय दिलं ते बघा.

पिंपळपान

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना विसरू नका. दक्षिणेतले, टेक्सासचे. सेनेटमध्ये रिचर्ड रसेल त्यांचे गुरू, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला सर्वांत चिवट विरोध त्याच रसेलांचा. जॉन्सननी ऐकलं नाही, कायदा केला. त्या वर्षी ते प्रचंड मतांनी जिंकले, पण दक्षिणेतली पाच राज्यं गेली, आणि पुढे त्यांच्या पक्षाचा तो बालेकिल्ला ढासळतच गेला. तरी पुढच्या वर्षी मतदान हक्काचा कायदाही केलाच. आणि याच माणसानं व्हिएतनाममध्ये फौजा ओतल्या. तिथे नाही म्हणायची ताकद कुठे गेली देव जाणे.

उत्तररात्र

पिंपळपान, मला वाटतं तिथे नाही म्हणण्यानं आपण दुबळे दिसू ही भीती आडवी आली. एकाच माणसाच्या बाबतीत एका प्रश्नावर थोर आणि दुसऱ्यावर भीषण असं म्हणायची तयारी आपण ठेवली पाहिजे. सरासरी काढून भागत नाही. मतदानाचा हक्क मिळालेल्या अलाबामातल्या माणसाला आणि बाँबखाली घर गेलेल्या व्हिएतनामी बाईला एकाच गुणपत्रिकेत कसं बसवणार?

मध्यमा

मग द गॉल यांचं तुमचं उत्तर काय? तुम्हीच प्रश्न टाकलात.

उत्तररात्र

अल्जीरिया सोडण्याचा निर्णय मी थोर मानतो. तो न घेता युद्ध लांबलं असतं तर दोन्हीकडची किती माणसं गेली असती याची कल्पना करवत नाही. पण हार्कींना सोडून देणं त्या निर्णयाचा अपरिहार्य भाग नव्हता. जहाजं होती, बंदरं होती, आणि आदेश मोडून माणसं वाचवता येतात हे काही अधिकाऱ्यांनी करून दाखवलं होतं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी हार्कींची जाहीर क्षमा मागितली ती २०२१ मध्ये, तोवर छावण्यांत वाढलेली मुलंही म्हातारी झाली होती. म्हणून पारंबींच्या कसोटीला माझी एक भर: आपल्यातल्या बलवानांना नाही म्हणताना, ज्यांच्याकडे मतही नाही आणि आवाजही नाही अशा आपल्याच माणसांना नेत्यानं सोबत घेतलं का?

पारंबी

ही भर मी धाग्याच्या कसोटीत घेते. आणि या कसोटीवर खामा पुन्हा बघायला हवेत. बोट्स्वानातल्या सान लोकांना, जे तिथले सर्वांत जुने रहिवासी, त्या हिऱ्यांच्या पैशातलं किती मिळालं? मध्य कालाहारीतून त्यांना हलवण्याचं प्रकरण खामांच्या मृत्यूनंतरचं आहे, २००६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ते हलवणं बेकायदा ठरवलं. तरी बीज त्यांच्या काळात होतं का हे तपासायला हवं. त्यावर कुणी नीट वाचलं असेल तर इथे लिहा, मीही वाचते आहे.